घरी मुलं सांभाळताय? फर्स्ट एड किट आणि इमर्जन्सीची तयारी, पहिल्यापासून

फर्स्ट एडचे लेख बहुतेक किटच्या यादीपासून सुरू होतात, बँडेज किती, कात्री कुठली वगैरे. मी ती यादी जरा मागे ठेवणारे, येईल पुढे. कारण घरी पाळणाघर चालवणारी व्यक्ती बऱ्याचदा एकटी असते आणि तिच्याकडे एकाच वेळी तीन-चार मुलं असतात. स्वतःचं एकच मूल पडलं तर आईवडील त्याला उचलून सरळ डॉक्टरकडे पळतात, तुम्हाला तसं पळता येत नाही, कारण मागे एक रांगणारं बाळ आहे, एक झोपलंय आणि एक दार उघडायला शिकलंय. त्यामुळे कुठलाही डबा विकत घ्यायच्या आधी एकच प्रश्न सोडवा: एकाला लागलं तर त्या पहिल्या दोन मिनिटांत बाकीची मुलं कुठे असतील आणि कोणाच्या नजरेखाली असतील?

आधी बाकीच्या मुलांची सोय

घरातली एक जागा सेफ म्हणून ठरवून टाका. प्लेपेन असेल, कॉट असेल किंवा सेफ्टी गेट लावलेली एक खोली, जिथे खिडकी बंद, वायर नाही, तोंडात जाईल असं काही नाही, आणि मुख्य म्हणजे जिथून तुम्ही दिसता आणि तुमचा आवाज ऐकू येतो. इमर्जन्सीत लहानग्यांना उचलून तिथे ठेवायचं, रडले तरी चालेल, रडणारं मूल श्वास घेतंय एवढं तरी कळतं. चालणाऱ्या, समजणाऱ्या मुलांना एक ठरलेलं वाक्य शिकवा, "सगळे सतरंजीवर!" असं काहीही चालेल, पण शब्द रोज तेच पाहिजेत, आणि ते खेळ म्हणून आठवड्यातून एकदा घ्या म्हणजे खऱ्या वेळी मुलं घाबरून चारी दिशांना जात नाहीत.

दुसरं, एक माणूस हवा. शेजारची ताई, वरच्या मजल्यावरचे काका, कोणीही, जे पाच मिनिटांत तुमच्या दारात येऊ शकतात आणि ज्यांनी "हो, मी येईन" असं खरंच म्हटलंय. नुसतं गृहीत धरू नका, विचारा, आणि ते दिवसा घरी असतात का तेही विचारा, एक असून चालत नाही, दोन नावं हवीत. मुलांच्या आईवडिलांनाही आधीच सांगून ठेवा की मला एका मुलासोबत हॉस्पिटलमधे जावं लागलं तर बाकीच्यांजवळ या व्यक्ती थांबतील, त्यांची ओळख करून द्या, लेखी संमती घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात जास्त राहून जातं.

कागद, जे हाताशी लागतात

प्रत्येक मुलाचं एक पान करा. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो, सध्याचं वजन (औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट करा), ॲलर्जी, चालू औषधं, आधीचे आजार, पूर्वी कधी फिट आली होती का, लसीकरण, नेहमीच्या डॉक्टरांचं नाव-नंबर. मग आई आणि बाबा दोघांचे नंबर, ऑफिसचाही, आणि दोघं उचलत नसतील तर तिसरं कोण. शेवटी सही: इमर्जन्सीत मुलाला हॉस्पिटलमधे न्यायला आणि डॉक्टरांशी बोलायला आमची परवानगी आहे. ही पानं प्लास्टिकच्या फोल्डरमधे, आणि मोबाईलमधे त्यांचे फोटो. दोन्ही ठिकाणी हवेतच, कारण घाईत बाहेर पडताना फोल्डर राहून जातं, आणि मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

फोनजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात. ॲम्ब्युलन्सचा नंबर, पॉयझन हेल्पलाईन असेल तर ती, जवळचं लहान मुलांची इमर्जन्सी घेणारं हॉस्पिटल (ते रात्रंदिवस चालू असतं का हे आधी चौकशी करून), आणि तुमचा स्वतःचा पत्ता. हो, स्वतःचाच पत्ता. पूर्ण, मजला, खूण, गेट कुठलं, सगळं. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बिल्डिंगचं नाव आठवत नाही, आणि फोन कदाचित तुम्ही नाही, मदतीला आलेली शेजारीण करत असेल. त्याच कागदावर फोनवर काय सांगायचं त्याचा क्रमही लिहा: कुठे, मुलाचं वय, काय झालं, श्वास चालू आहे का, शुद्धीवर आहे का. फोन स्पीकरवर टाकायचा आणि समोरचे सांगेपर्यंत ठेवायचा नाही. आणि मेन दाराची कडी काढून ठेवायची, हे विसरतं म्हणून तेही लिहा.

आता किट

बाजारात तयार किट मिळतात, त्यातले बरेचसे मोठ्यांसाठी असतात, पट्ट्या मोठ्या आणि बाकी भरताड. एक चांगली रिकामी पिशवी किंवा डबा घेऊन स्वतः भरलेलं मला जास्त पटतं, कारण स्वतः भरलं की काय कुठे आहे हे हाताला माहिती असतं. कप्पे असलेली, उठून दिसणाऱ्या रंगाची, वरती फर्स्ट एडची खूण असलेली पिशवी घ्या. आत हे हवं:

- डिस्पोजेबल हातमोजे, नायट्राईलचे, निदान चार-पाच जोड्या (लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते म्हणून नायट्राईल)
- चिकटपट्ट्या वेगवेगळ्या साईजच्या, नाजूक त्वचेसाठीच्या
- स्टराईल गॉझ लहान-मोठे, आणि जखमेला न चिकटणारे पॅड
- रोलर बँडेज, एक क्रेप बँडेज, दोन तिकोनी बँडेज
- स्टराईल आय पॅड
- मेडिकल टेप
- सलाईनच्या छोट्या सीलबंद कुप्या, जखम किंवा डोळा धुवायला
- बोथट टोकाची कात्री, चिमटा
- डिजिटल थर्मामीटर, जास्तीच्या सेलसकट
- इन्स्टंट कोल्ड पॅक
- सीपीआर (श्वास थांबल्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) देताना तोंडावर ठेवायची फेस शील्ड
- फॉईल ब्लँकेट
- क्लिंग फिल्मचा (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा) छोटा रोल, भाजल्यावर लागतो
- छोटा टॉर्च, वही, पेन, कचऱ्यासाठी झिप पिशव्या

यात कापूस नाहीये हे बघितलं असेल. उघड्या जखमेवर कापूस ठेवला की त्याचे धागे चिकटतात आणि नंतर काढताना मुलाला परत त्रास. अँटिसेप्टिक मलमं, बाम, पावडर हेही मी मुद्दाम नाही लिहिलं. साध्या खरचटण्याला वाहतं स्वच्छ पाणी आणि पट्टी एवढं पुरतं, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या त्वचेला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं.

डबा ठेवायचा कुठे, तर मुलांचा हात पोचणार नाही पण तुमचा एका सेकंदात पोचेल अशा जागी. कुलूप नको. किल्ली शोधण्यात गेलेलं अर्धं मिनिट खूप मोठं असतं. किचन आणि बाथरूम टाळा, वाफेने आणि ओलाव्याने सीलबंद ड्रेसिंगही खराब होतं. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला जागा दाखवा, बोट दाखवून नाही, त्यांच्याकडून एकदा काढून घेऊन.

औषधं वेगळी, कुलपात

औषधं फर्स्ट एडच्या डब्यात ठेवू नका. ती वेगळ्या डब्यात, वर, लॉक करून. आईवडिलांनी लिहून दिल्याशिवाय कुठलंच औषध द्यायचं नाही, तापाचं सिरपसुद्धा नाही. औषध मूळ बाटलीत, मुलाच्या नावासकट, आणि सोबत किती एमएल, कधी, कशासाठी. सकाळी मुलाला सोडायला येतील तेव्हा विचारायचा एक प्रश्न सवयीचा करून घ्या: "घरी काही औषध दिलंय का, किती वाजता?" पॅरासिटामॉलच्या दोन डोसमधे निदान चार तास जायला हवेत आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, आता घरी सातला दिलेलं तुम्हाला माहीतच नसेल तर तुम्ही नऊला पुन्हा द्याल. एकाच नावाचं सिरप वेगवेगळ्या स्ट्रेंथमधे मिळतं, म्हणून लेबल दर वेळी वाचायचं, आणि घरातल्या चमच्याने नाही, ओरल सिरिंजने मोजायचं. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच नाही, रे सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

कुलपाला एक अपवाद. दम्याचा इनहेलर आणि ॲलर्जीचं ॲड्रेनलिन पेन, म्हणजे जोराच्या ॲलर्जीत मांडीत टोचायचं पेनसारखं तयार इंजेक्शन. ही दोन्ही मुलाच्या फोटोसकट पारदर्शक पाऊचमधे, फर्स्ट एडच्या डब्याशेजारी, मुलांच्या हाताबाहेर. पेन फ्रिजमधे ठेवायचं नाही, उन्हातही नाही. एक्स्पायरी मोबाईलच्या कॅलेंडरमधे महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका म्हणजे आईवडिलांना नवीन आणायला वेळ मिळतो.

हाताला येणारी गोष्ट: काय झालं तर काय

इथे एक ठामपणे सांगते. लेख वाचून सीपीआर येत नाही. लहान मुलांच्या फर्स्ट एडचा कोर्स, ज्यात पुतळ्यावर स्वतःच्या हाताने करायला लावतात असा, तो करा, आणि दर दोन-तीन वर्षांनी परत करा कारण हात विसरतात आणि पद्धतीही बदलतात. खालचं त्या कोर्सची जागा घेत नाही, आठवण म्हणून आहे.

घशात अडकणं. मूल जोरात खोकत असेल, रडू शकत असेल तर त्याला खोकू द्या, पाठीशी रहा, मधे हात घालू नका. खोकल्याचा आवाजच येत नाही, रडता येत नाही, रंग बदलतोय, तर लगेच कामाला लागायचं. एक वर्षाखालचं बाळ: हातावर पालथं, डोकं अंगापेक्षा खाली, जबडा आधार देऊन धरलेला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ दणके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब, कोर्समधे शिकवतात तसे. परत ५, परत ५. बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही. एक वर्षावरचं मूल: पुढे वाकवून ५ दणके, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ५ वेळा आत आणि वर दाब. तोंडात दिसत नसेल तर बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. शुद्ध हरपली तर सीपीआर आणि ॲम्ब्युलन्स. आणि पोट दाबून वस्तू निघाली तरी नंतर डॉक्टरांना दाखवायचंच, आत इजा झालेली असू शकते.

श्वास बंद असेल तर. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा हृदयाच्याच कारणाने थांबतं, मुलांमधे मात्र आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, म्हणून मुलांना श्वास देणं फार महत्त्वाचं. काही कोर्समधे सुरुवातीला ५ श्वास शिकवतात, काहींमधे २, तुम्हाला जे शिकवलं तेच करा, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे बाळात जवळपास ४ सेमी आणि मोठ्या मुलात ५ सेमी. फोन स्पीकरवर, पलीकडचा माणूस मोजायला मदत करतो. एकटे असाल तर "मी कोणाला बोलावू" म्हणून मुलाला सोडून जाऊ नका, फोन शेजारी टाकून सुरू करा.

भाजणं. घरी सांभाळणाऱ्यांकडे हे जास्त होतं, गरम चहाचा कप टेबलाच्या कडेला आणि दीड वर्षाचं मूल टेबलक्लॉथ ओढतं. पहिलं काम, भाजलेल्या भागावर थंड वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण तीन मिनिटांत मूल इतकं रडतं की आपणच थांबतो, आणि तिथेच फरक पडतो. बर्फ नको, टूथपेस्ट, तूप, तेल, हळद काहीही नको. त्या भागावरचे कपडे, बांगडी, कडं काढा, पण कातडीला चिकटलेलं काही ओढू नका. बाकी अंग पांघरुणात ठेवा कारण लहान बाळ लवकर गारठतं. नंतर क्लिंग फिल्म नुसती वर अंथरायची, गुंडाळून आवळायची नाही. मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननांगावर असेल, फोड आले असतील, विजेचं किंवा केमिकलचं असेल, तर हॉस्पिटल. बाळ लहान असेल तर कितीही छोटं वाटलं तरी दाखवा.

तापाची फिट. साधारण ६ महिने ते ५ वर्षांत येऊ शकते आणि बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. तुमचं काम चार: आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. थांबली की एका कुशीवर वळवा, श्वास बघत रहा. ५ मिनिटांपेक्षा लांबली, परत आली, श्वास नीट नाही, किंवा पहिल्यांदाच आलीय, तर ॲम्ब्युलन्स. शक्य असेल आणि दुसरं कोणी असेल तर व्हिडिओ करायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.

डोक्याला मार. पडल्यावर लगेच रडलं, थोड्या वेळात परत खेळायला लागलं तर कोल्ड पॅक कापडात गुंडाळून लावा, आईवडिलांना कळवा आणि दिवसभर बारीक लक्ष ठेवा. शुद्ध गेली, एकसारख्या उलट्या, खूप सुस्ती किंवा उठवूनही नीट जागं होत नाही, फिट, नाक-कानातून पाणी किंवा रक्त, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या, चालताना तोल, न थांबणारं रडणं, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, हॉस्पिटल. उंचावरून पडलं असेल तर मान हलवू नका.

गिळलेली गोष्ट. औषध, फिनाईल, काहीही प्यायलं असेल तर उलटी करवायची नाही, बाटली सोबत घ्यायची, पॉयझन हेल्पलाईन किंवा हॉस्पिटलला लगेच फोन. आणि बटन बॅटरी! रिमोट, खेळणं, म्युझिकल कार्ड, वजनकाटा यातली नाण्यासारखी चपटी बॅटरी. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा करू शकते, मूल दिसायला ठीकच असतं. नुसता संशय असला तरी थेट हॉस्पिटल, उद्या बघू असं नाही. आज घरातल्या अशा सगळ्या वस्तूंची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत का ते बघा, नसतील तर ती वस्तू मुलांच्या खोलीतून बाहेर.

जोराची ॲलर्जी. ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी, आवाज घोगरा, श्वासाला त्रास, एकदम ढेपाळणं. मुलाकडे पेन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं, त्यावर लिहिलेले सेकंद धरून ठेवा, वेळ लिहा, ॲम्ब्युलन्स. झोपवून पाय वर, श्वासाला त्रास असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. ५ मिनिटांत फरक नाही आणि दुसरं पेन असेल तर दुसरं. ट्रेनर पेन, म्हणजे सुई नसलेलं सरावाचं, मागून घ्या आणि आईसमोर एकदा करून दाखवा.

नाकातून रक्त आलं तर मूल पुढे वाकवून बसवा (मागे नाही), नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग चिमटीत धरा, मधे मधे सोडून बघू नका. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा प्रयत्न करायचा नाही, कायमचा दात मात्र मुळाला न धरता चावायच्या बाजूने धरून दुधात ठेवा आणि लगेच डेंटिस्टकडे.

आग, धूर, आणि घर सोडायची वेळ

बाहेर जायचे दोन रस्ते मुलांना घेऊन खरंच चालून बघा. न चालणारी दोन बाळं असतील तर तुम्हाला दोन हात आहेत आणि तिसरं कुठे, हे कागदावर सोडवायचं नाही, करून बघायचं: एक बेबी कॅरिअरमधे अंगाला बांधलं, एक कडेवर, चालणारं हात धरून. कॅरिअर दाराजवळच टांगा. रात्री मुलं थांबत असतील तर चपला, टॉर्च आणि किल्ली एकाच जागी. बाहेरची भेटायची जागा ठरवा, तिथे पोचल्यावर आधी मुलं मोजायची, नावं वाचून, मग फोन. आत राहिलेल्या सामानासाठी परत जायचं नाही. स्मोक अलार्म असेल तर महिन्यातून एकदा बटन दाबून बघा आणि मुलांना तो आवाज ओळखीचा करा, नाहीतर पहिल्यांदा ऐकून ती पलंगाखाली लपतात. ड्रिल वेगवेगळ्या वेळी घ्या, झोपेच्या वेळीसुद्धा, कारण तेव्हाच सगळं अवघड असतं.

बाहेर नेताना

बागेत जाताना छोटी पिशवी: पट्ट्या, गॉझ, सलाईन, हातमोजे, फॉईल ब्लँकेट, इनहेलर-पेन ज्याचं असेल त्याचं, मुलांच्या पानांच्या फोटोकॉपी, चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक. मुलाच्या मनगटावर तुमचा नंबर असलेला बँड बांधा, नाव लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं. निघताना सगळ्यांचा एकत्र फोटो काढा, एखादं हरवलं तर त्या दिवशीचे कपडे कोणते हे तुम्हाला सांगता यायला हवं.

झाल्यानंतर

मूल सावरलं, मदत आली, की वही काढा. तारीख, वेळ, कुठे, काय झालं, काय केलं, कोणी पाहिलं, कोणाला किती वाजता फोन केला. छोट्या खरचटण्याचंही लिहा आणि घ्यायला येतील तेव्हा सही घ्या. आईवडिलांना फोन करताना पहिलं वाक्य "तो आता माझ्याजवळ आहे, शुद्धीवर आहे" असं काहीतरी खरं आणि आधार देणारं, मग काय झालं ते. काही लपवू नका, किरकोळ म्हणून घरी गेल्यावर सांगू असंही नको, कारण रात्री उलटी झाली तर त्यांना दुपारच्या पडण्याबद्दल माहीत हवं. बाकीच्या मुलांशीही बोला, त्यांनी सगळं बघितलेलं असतं, दोन दिवस तीच गोष्ट खेळात येते.

त्याच दिवशी डब्यातलं वापरलेलं परत भरा, उद्यावर टाकू नका. त्याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं: झाकणाच्या आत चिकटवलेल्या यादीशी ताडा, एक्स्पायरी बघा, थर्मामीटर चालू होतो का, टॉर्च लागतो का, फाटलेलं ड्रेसिंगचं पाकीट फेकून द्या कारण पाकीट उघडलं की ते स्टराईल राहत नाही. मुलांची वजनं आणि फोन नंबर बदललेत का ते त्याच वेळी विचारा, आणि त्या दोन शेजाऱ्यांनाही, या महिन्यात ते गावाला तर जाणार नाहीत ना.